कष्टकऱ्यांचा मधुमेह

मधुमेह हा शहरातील, गादीवर बसून काम करणाऱ्या व गोडधोड खाणाऱ्या सुखवस्तू लोकांचा रोग होय, असा समज खेड्यापाड्यांतून अद्याप रूढ आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे डोंगराळ, भातशेतीचे तालुके. तेथे जो मनुष्य आषाढात गुडघाभर चिखलात उभा राहून आवणी करतो, ज्याच्या अंगावर मांस चढावयास अवसरच नाही, त्याला साखरेचा रोग कसा व्हावा, असे साहजिकच विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र समजुतीच्या उलट आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. प्रौढ व्यक्तींत मधुमेहाचे प्रमाण शहरांत शेकडा १६.४, तर खेड्यांत ८.९ आढळले. म्हणजे खेड्यातील सुमारे अकरा प्रौढांमागे एकास हा रोग आहे. त्याच पाहणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण शहरात व खेड्यात जवळजवळ सारखेच, शेकडा पंधराच्या आसपास, दिसून आले. हा दुसरा आकडा पहिल्याहून अधिक विचार करण्याजोगा आहे.

ह्या रोगात शरीरात घडते काय? पाटाला पाणी भरपूर असावे, परंतु दारे उघडले जाऊ नये, म्हणजे वाफा कोरडाच राहतो. रक्तातील साखर पेशींत शिरावयाची तर इन्सुलिन नावाच्या द्रव्याने दारे उघडावे लागते. स्वादुपिंडात तयार होणारे हे द्रव्य अपुरे पडले, अथवा शरीर त्यास दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच साचते आणि पेशी उपाशी राहतात. वारंवार लघवी, न शमणारी तहान, खाऊनही रोडावणे, जखम न भरणे ही लक्षणे ह्यातूनच उद्भवतात. कित्येकांना मात्र वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. रोडावलेला मनुष्य पाहून घरचे लोक क्षयाची शंका घेतात किंवा बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे जातात. क्षयाची शंका अगदीच अस्थानी नसते, कारण मधुमेह्यास क्षय होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. एकाची तपासणी करताना दुसऱ्याचीही करवून घ्यावी.

सडपातळ माणसास मधुमेह का होतो, ह्याचा शोध माळशेज घाटापलीकडे, पुणे जिल्ह्यातच घेतला गेला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांची बालके ह्यांचा अभ्यास आरंभिला. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो होते. आपली बालके अशी हलकी. तरी त्यांच्या शरीरात स्नायू कमी व चरबी त्या मानाने अधिक आढळली. आईच्या पोटातच ज्याची उपासमार झाली त्याचे शरीर पुढे भरपेट पिष्टमय अन्न व कमी श्रम सोसू शकत नाही. बालपणीच्या दीर्घ कुपोषणातून होणारा एक निराळा मधुमेहही आहे. १९५५ साली जमैका बेटात त्याची नोंद झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यास ‘प्रकार ५’ म्हणून मान्यता दिली. ठाकर, कातकरी व महादेव कोळी वस्त्यांत काम करणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. गरोदर स्त्रीच्या ताटाचा प्रश्न हा पुढील पिढीच्या मधुमेहाचाही प्रश्न आहे.

दरम्यान राहणीही पालटली आहे. आसनगाव, खर्डी, कसारा येथून तरुण मंडळी रोज लोकलने कामावर जातात, मुरबाडला कारखाने आले, पॉवर टिलरने नांगरट होऊ लागली. वरकस जमिनीवरील नाचणी व वरी घटली आणि ताटात गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ तिन्ही त्रिकाळ आला. भात सोडा, असे भातकऱ्यास सांगणे व्यर्थ होय. तांदूळ कमी सडलेला असावा, भाताचा ढीग निम्मा करून उरलेल्या जागी वालाची उसळ, डाळ व पावसाळ्यात टाकळा, कुरडू ह्यांसारखी पालेभाजी यावी, एवढे तरी साधते. नाचणीची भाकरी चांगलीच. परंतु तीही पिष्टमय आहे, औषध नव्हे. चार भाकऱ्या खाल्ल्यास साखर वाढणारच. कारल्याच्या रसाने वा यात्रेतील चूर्णाने रोग समूळ जातो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या भरवशावर गोळ्या बंद केल्याने जे नुकसान होते ते भरून निघत नाही.

शेतकऱ्यास सर्वाधिक भय पायाचे आहे. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायाच्या शिरा बधिर होतात. काटा रुतला, विळा लागला, आवणीत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, तरी कळत नाही. थंडीत शेकोटीजवळ पाय भाजला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. म्हसा येथे पौष पौर्णिमेच्या यात्रेत बैल घेताना दात, खूर, चाल सारे न्याहाळणारा शेतकरी स्वतःचा तळवा मात्र पाहत नाही. मधुमेह्याने रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या फटी कोरड्या करून तळवे पाहावेत; नजर अधू असल्यास घरच्यांकडून पाहवून घ्यावेत. खाचरात गमबूट वापरावेत व अनवाणी फिरू नये.

गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी शेतावर जाऊ नये. श्रमाने साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी गुळाचा खडा किंवा साखर ताबडतोब तोंडात टाकावी. ती कमरेच्या पुडीत नेहमी असावी. फ्रीज नसल्यास इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत राखावी.

तिशी उलटलेल्या प्रत्येकाने गावच्या आरोग्य उपकेंद्रात तपासणी करवून घ्यावी. बोटाच्या थेंबावरून शंका आल्यास शिरेतील रक्त तपासतात. उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तात १२६ मिलिग्रॅम वा अधिक साखर पुन्हा तपासूनही आढळली, तर मधुमेह ठरतो. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी तपासणीही आहे. परंतु सिकलसेल वा तीव्र रक्तक्षय असणाऱ्यांत ती फसवू शकते. तसे असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

१४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. त्या सुमारास ह्या तालुक्यांत भाताची कापणी-झोडणी चालू असते आणि वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे निघण्याच्या तयारीत असतात. भर दुपारी शाळेत भरविलेल्या शिबिरास म्हातारीकोतारी तेवढी येतात. शिबिर सायंकाळी, खळ्यावरील काम आटोपल्यावर, पाड्यातच घ्यावे. भट्टीवर जाणाऱ्या रोग्यास अधिकात अधिक दिवसांच्या गोळ्या व उपचाराची चिठ्ठी द्यावी, आणि भट्टीच्या गावच्या आरोग्य केंद्राचे नाव त्या चिठ्ठीवरच लिहून द्यावे.