उपनगरातील दिनक्रम आणि आम्लपित्त

मराठी बोलीत ‘पित्त’ हा शब्द फार ऐसपैस आहे. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, अर्धे डोके ठणकू लागले तरी पित्त, सकाळी कडू पिवळी उलटी झाली तरी पित्त आणि जेवणानंतर छातीच्या मध्यभागी निखारा ठेवल्यासारखे वाटले तरीही पित्तच. वास्तविक यातील पहिली तक्रार बहुधा ॲलर्जीची असते, दुसरी पुष्कळदा अर्धशिशीची. यकृतात तयार होणारे पित्त हा तर आणखी वेगळाच पदार्थ आहे. शेवटची तक्रार मात्र जठरातील आम्ल अन्ननलिकेत परत चढण्याची होय. त्यामुळे ‘पित्ताचा त्रास आहे’ एवढेच सांगून जे औषध मिळते, ते आपल्याच व्याधीवरचे असेल असा भरवसा नसतो. प्रस्तुत लेखकाची चार वर्षे या एका शब्दाने खाल्ली.

हा विकार आपल्याकडे नवा नाही. ‘माधवनिदान’ या प्राचीन वैद्यकग्रंथात आम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण असून, वर जाणारे आणि खाली जाणारे असे त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. आधुनिक वैद्यकाने यातील ‘वर जाणाऱ्या’ आम्लाची यंत्रणा उलगडून दाखविली. अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास खाली जाताना ते उघडते व लगेच मिटते. ते वेळी-अवेळी सैल पडू लागले की आम्ल वर येते. जठराच्या आतील अस्तराला आम्लापासून संरक्षण असते, अन्ननलिकेला ते तितकेसे नसते. म्हणून आग होते. भरलेले पोट, तेलकट अन्न, वाढलेला घेर, तंबाखू व मद्य यांमुळे हे कडे सैल पडण्यास हातभार लागतो. शिवाय माणूस आडवा झाला की आम्लाला खाली ठेवणारे गुरुत्वाकर्षणही कामी येत नाही.

या दृष्टीने मुंबईच्या उपनगरांतील नोकरदाराचा दिवस पाहण्यासारखा आहे. बोरिवली, मुलुंड वा घाटकोपरहून निघणारा माणूस सकाळी चहावर गाडी पकडतो. दुपारी डबा घाईने संपवितो, चार वाजता पुन्हा चहा आणि सायंकाळी स्थानकाबाहेर वडापाव. घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजतात, दहाला भरपेट जेवण होते आणि पहाटेची गाडी गाठावयाची म्हणून साडेदहाला अंथरूण. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शोभना भाटिया यांच्या पुढाकाराने देशातील बारा केंद्रांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तीन हजारांहून अधिक व्यक्तींपैकी सुमारे साडेसात टक्के लोकांना आठवड्यातून किमान एकदा हा त्रास होत असल्याचे आढळले. तळलेले पदार्थ, चहा-कॉफी, फसफसणारी पेये व मांसाहार यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला.

लेखकाच्या बाबतीत छातीतील जळजळीपेक्षा रात्रीचा कोरडा खोकला अधिक त्रासदायक होता. तो आम्लामुळे असू शकेल हे ध्यानीमनीही नव्हते. खोकल्याची औषधे चालू राहिली. पिशवीत आम्लनाशक द्रवाची बाटली असे. तिच्याने तासभर बरे वाटे. ही औषधे तयार झालेले आम्ल तेवढे निष्प्रभ करतात, नवे तयार होणे थांबवीत नाहीत. दुधाचेही तेच, तात्पुरता थंडावा मिळतो, पुढे जठर पुन्हा आम्ल स्रवू लागते. खाण्याच्या सोड्यात सोडियम असल्याने रक्तदाब असलेल्यांनी तर त्याच्या वाटेस जाऊ नये.

पुढे कोणी सुचविल्यावरून पॅन्टोप्राझोल सुरू केले. तेही निरुपयोगी ठरले. अखेर एका पालिका रुग्णालयात दुर्बिणीने तपासणी झाली, तेव्हा तेथील डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “गोळी केव्हा घेता?” उत्तर दिले, “त्रास झाला की घेतो. बहुतेक रात्री, जेवण झाल्यावर.” ते म्हणाले, “मग ती घेतल्यासारखी नाहीच.”

त्यांनी समजावून दिलेली गोष्ट सर्वांना उपयोगी पडावी. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात व ते जेवणाच्या वेळी चालू होतात. ही गोळी चालू असलेल्या पंपांनाच बंद करते. म्हणून ते चालू होतील तेव्हा ती रक्तात पोहोचलेली असावी लागते. सकाळी न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास, रोज न चुकता, आणि साधारणपणे आठ आठवडे, हा तिचा प्रघात. पूर्ण गुण येण्यास काही दिवस जातात. तीच गोळी, तीच मात्रा. केवळ वेळ बदलताच तिसऱ्या आठवड्यात रात्रीचा खोकला थांबला.

या वर्गातील पहिले औषध, ओमेप्राझोल, १९८८ साली बाजारात आले. त्यापूर्वीच्या पिढीतील रॅनिटिडिन आपल्याकडे घरोघरी होते. ते सप्टेंबर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळण्यात आले. जुन्या चिठ्ठीवर तेच पुन्हा आणण्याची सवय त्यामुळे सोडावी. पॅन्टोप्राझोलही वर्षानुवर्षे आपल्या मनाने घेत राहणे योग्य नाही. दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होऊ शकते, आणि एकाएकी बंद केल्यास आम्ल काही काळ उसळून येते. ते कमी करणेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. २०२२ साली मुंबईत ‘आपला दवाखाना’ योजना सुरू झाली, तेव्हा सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, मध्ये तासाभराची सुट्टी, अशी वेळ ठेवण्यात आली होती. चाकरमान्यांच्या दृष्टीने ती सोय लहान नव्हे.

काही लक्षणे मात्र पित्ताच्या खात्यावर टाकता कामा नयेत. घास अडकणे, वजन घटणे, काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, पंडुरोग यांपैकी काही आढळल्यास तपासणी लांबवू नये. छातीतील दडपण हात, खांदा वा जबड्याकडे सरकत असेल, घाम फुटत असेल, जिना चढताना वाढत असेल, तर ते हृदयाचे समजून तात्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रेल्वेच्या पुलावर छाती चोळीत ‘पित्त झाले’ म्हणणारा माणूस दिसला, की अलीकडे लेखकाची पावले थबकतात. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही लक्षणे गावात अवश्य सांगावीत.

औषधाच्या जोडीला दोन बदल करावे लागले. पलंगाच्या उशाकडील पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे दिले. नुसत्या उशा वाढविल्या तर कमरेत बाक येऊन पोट दाबले जाते. खाली झोपणाऱ्यांना डाव्या कुशीवर झोपण्याचा उपयोग होतो, कारण त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहते. दुसरा बदल अधिक कठीण होता, तो जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर राखण्याचा. रात्रीचा डबाही सकाळीच बरोबर न्यावा लागला. भाकरी, भाजी आणि थोडा भात एवढे सायंकाळी सात वाजता कार्यालयातच संपवून गाडी पकडावयाची, हे प्रथम घरच्यांना रुचले नाही. एकत्र जेवणाची वेळ तेवढीच असे. आता रविवारी सर्वांचे जेवण साडेसातला होते.