फवारणीच्या नोंदी मोबाईलद्वारे घेताना

2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. उंच वाढलेली पऱ्हाटी, अनेक औषधांचे एकत्र मिश्रण व संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे त्यावेळी पुढे आली. जवळच्या अमरावती व अकोला जिल्ह्यांतही कपाशी हे प्रमुख पीक आहे. तेथील शेतात प्रत्यक्ष काय घडते हे जाणण्यासाठी शेतकऱ्याच्याच मोबाईलवरून नोंदी मागविणे उपयुक्त होय. परंतु त्याचे यश सोपविलेल्या कामाच्या आखणीवर अवलंबून असते.

'फवारणीच्या वेळी आपण कोणती काळजी घेता?' असे विचारल्यास प्रशिक्षणात ऐकलेलेच उत्तर परत येते. त्याऐवजी, 'औषध कालविण्यापूर्वी पंप, बादली, माप व बाटल्या जेथे मांडल्या असतील तेथील एक छायाचित्र घ्यावे, आणि आज हीच औषधे का निवडली ते बोलून सांगावे,' असे काम द्यावे. औषध बाटलीच्या टोपणाने मोजले जात असेल तर माप चित्रात दिसणारच नाही, आणि तेच विचारण्याजोगे असते. बोलणे वऱ्हाडीतच होऊ द्यावे. लिहावयास सांगितले की शेतकरी पुस्तकी भाषेकडे वळतो व मोलाचा तपशील गळतो.

नोंदीची वेळ घड्याळाशी न बांधता फवारणीशी बांधावी. औषध कालविण्यास आरंभ झाल्यापासून हातपाय साबणाने धुऊन होईपर्यंत मात्र फवारणी करणाऱ्यास मोबाईल हाताळावा लागेल असे कोणतेही काम देऊ नये. औषधाचे हात मोबाईलला लागले की तेच विष पुढे कानाशी आणि घरातील मुलांच्या हाती जाते. त्या वेळचे छायाचित्र हवेच असल्यास ते धुऱ्यावर, वारा येतो त्या बाजूस उभ्या असलेल्या दुसऱ्या व्यक्तीने दुरून घ्यावे.

कित्येकदा मोबाईल मालकाचा असतो आणि पंप मजुराच्या पाठीवर. केवळ मालकाकडून नोंदी घेतल्यास ज्याच्या अंगावर तुषार उडतात त्याचेच म्हणणे राहून जाते. मजुराची संमतीही त्यास वेगळे भेटून विचारावी. मालकासमोर तो नाही म्हणणार नाही.

2021 पासून ई-पीक पाहणीमुळे मोबाईलवरील पिकाचे छायाचित्र सातबाऱ्यावरील नोंदीशी जोडले गेले आहे. त्यामुळे चुकीची फवारणी दिसल्यास आपले अनुदान वा विमा अडेल, अशी शंका शेतकऱ्यास येणे साहजिक आहे. छायाचित्रे कोण पाहणार व कोणाकडे जाणार नाहीत, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

गावात काम देण्यापूर्वी कार्यकर्त्याने ते स्वतः एकदा शेतात करून पाहावे. शेतात मोबाईलला संपर्क मिळत नसल्यास नोंद संध्याकाळी घरून पाठविण्याची मुभा ठेवावी.