डागडुजीचा हंगाम

पावसाळा सरला की सिल्वासाच्या परिसरात दोन कामांना बरोबरीनं जोर चढतो. पहिलं काम वाहतुकीचं. अडलेली बांधकामं सुरू होतात, वीटभट्ट्या लागतात, खडीच्या फेऱ्या वाढतात, तलासरी-डहाणू-जव्हारच्या बाजूनं वाळलेल्या गवताच्या गाड्या मुंबईच्या तबेल्यांकडे निघतात. दुसरं काम हा सगळा माल वाहणाऱ्या जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचं. ते शोरूममध्ये होत नाही. घरामागच्या मोकळ्या जागेत, शेताच्या बांधावर, हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडखाली, मालक स्वतः, त्याचा भाऊ आणि एखादा क्लीनर मिळून ते उरकतात. अडलं तरच मिस्त्रीला बोलावतात.

या कामाकडे आपण गरिबाची नाइलाजाची धडपड म्हणून पाहतो. मला ते एक पूर्ण वाढलेलं शास्त्र वाटतं. त्याला निदानाच्या रीती आहेत, क्रम आहे, पथ्यं आहेत, आणि हिवाळ्यातली थंड पहाट हे त्याचं सर्वांत भरवशाचं उपकरण आहे.

ट्रकवर उभा प्रदेश

सिल्वासा ज्यात येतं त्या दादरा आणि नगर हवेलीचं क्षेत्रफळ जेमतेम 491 चौरस किलोमीटर. इथे रेल्वे नाही. जवळचं मोठं स्टेशन वापी. त्यामुळे कच्चा माल येतो तो ट्रकनं आणि तयार माल जातो तोही ट्रकनं. 1980च्या दशकापासून करसवलतींच्या आधारानं पिपरिया, मसाट, खडोली इथल्या औद्योगिक वसाहती वाढल्या. धागा, प्लास्टिक, तांब्याची तार असे कारखाने उभे राहिले. त्यांचा माल नेणाऱ्या मोठ्या, नव्या गाड्या भिलाड किंवा वापीहून मुंबई-अहमदाबाद हायवेला लागतात.

त्यांच्याच जोडीला छोट्या मालकांची दुसरी वाहतूक चालते. विटा, खडी, गवत, भंगार, घरसामान. तिच्यात टाटाच्या 407 दिसतात, 1210 आणि 1613 मालिकेतले जुने सहाचाकी दिसतात, शिवाय ट्रॅक्टर, डंपर आणि पाण्याच्या पंपांवरची डिझेल इंजिनं. एका गाडीवर एक घर चालतं. गाडी चार दिवस उभी राहिली तर हप्ता राहतोच, शिवाय हातची भाडीही दुसरीकडे जातात. स्वतः पाना उचलण्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण हवामान. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चार महिने गाडी चिखलात चालते आणि पाणी जिथे शिरू नये तिथे शिरतं. स्प्रिंगच्या पाट्यांच्या थरांमध्ये गंज धरतो. ग्रीसच्या निपलांवर माती थिजते, आतल्या किंगपिना आणि बुश कोरड्या पडतात. वायरिंगच्या जोडांवर हिरवी पुटं चढतात. पाण्यातून गाडी नेली असेल, तर डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ होतं. हे सारं पावसात उघडून बसता येत नाही. जमीन ओली, जॅक रुततो, उघडलेल्या इंजिनात पाणी जातं. म्हणून दिवाळीनंतर जमीन घट्ट झाली की चाकं उतरतात.

उघडता येईल असं यंत्र

1954 साली 2 ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्याच वर्षी टाटांच्या टेल्को कंपनीनं जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. करार 1969मध्ये संपला, पण त्या इंजिनांची घडण इथेच राहिली आणि पुढे कित्येक दशकं सुधारत गेली. जुन्या सहाचाकींमधलं 697 इंजिन त्याच कुळातलं. त्याच्या नावातच त्याचं माप आहे: 6 सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर 97 मिलिमीटर. 1986मध्ये आलेल्या 407मधलं 497 इंजिन याच हिशेबानं 4 सिलिंडरचं.

एकच घडण इतकी वर्षं चालल्याचा मोठा फायदा दुरुस्तीला झाला. वापी-भिलाड पट्ट्यातल्या सुट्या भागांच्या दुकानांत गॅस्केट, रिंगा, लायनर, क्लच प्लेट सहज मिळतात. एका गाडीवर शिकलेला हात दुसऱ्या गाडीवर चालतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या इंजिनात जे घडतं ते डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं आणि हाताला लागतं. डिझेल पंप दातेरी चाकांवर फिरतो, ठरलेल्या क्षणी नोझलकडे डिझेल ढकलतो. संगणक नाही, सेन्सर नाही. ज्याला वाचताही येत नाही असा वारली किंवा कोकणा तरुण क्लीनर म्हणून लागतो आणि काही हंगामांत हे इंजिन ओळखायला शिकतो, ते यामुळेच.

पहाटेची परीक्षा

सिल्वासाची थंडी तशी सौम्य. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा सहसा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो. तरीही जुन्या इंजिनाला तो फरक जाणवतो, कारण डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सतरा-एक पट दाबली जाते, त्या दाबानं ती तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. रिंगा झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसतील, तर दाबलेली हवा निसटते आणि पुरेशी तापत नाही. मे महिन्यात ही खोट झाकली जाते. जानेवारीच्या पहाटे सेल्फ मारला की ती उघडी पडते.

म्हणून जाणता मालक पहिली सुरुवात कधीच घाईनं करत नाही. तो धूर बघतो. सुरू होताना पांढरा धूर आला आणि इंजिन तापल्यावर गेला, तर ते न जळलेलं डिझेल. दाब कमी आहे किंवा एखादं नोझल नीट फवारत नाही. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर काढून झटकायचा, मग पंपाकडे वळायचं. फुकट आणि सोपं आधी, महाग आणि अवघड नंतर, हा क्रम या कामाचा कणा आहे.

कुठला सिलिंडर काम करत नाही हे शोधण्याची रीत तर ऐकण्यासारखी. इंजिन मंद चालू ठेवून नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट पाळीपाळीनं जरासा सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की इंजिन लगेच अडखळतं. ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर मेलेला. एक पाना आणि लक्ष देणारे कान, एवढ्यावर हे निदान होतं. मात्र हात आणि चेहरा फवाऱ्यापासून लांब हवा. दाबानं उडालेलं डिझेल कातडीत घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसते आणि आत मांस सडवते. अशा वेळी वाट न पाहता इस्पितळ गाठावं.

टॅपेटची फट जुळवण्यालाही थंड पहाटच बरी, कारण ती फट थंड इंजिनावर मोजायची असते. सहा सिलिंडरांचा पेटण्याचा क्रम 1-5-3-6-2-4. हातानं इंजिन फिरवत नेलं की सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसतात. त्या क्षणी पहिल्याचे दोन्ही बंद असतात आणि त्याची फट जुळवता येते. तशाच दुसरा-पाचवा आणि तिसरा-चौथा या जोड्या. ज्याला या जोड्या पाठ आहेत त्याला पुस्तक लागत नाही. फिलर गेजचं पातं फटीत किंचित घासत सरकावं, सैल पडू नये आणि अडकूही नये. ही जाण बोटांत मुरते.

बॅटरीचा हिशेबही याच दिवसांत चुकता होतो. थंडीत ऑइल दाट होतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद घटते. हायड्रोमीटरनं प्रत्येक कप्पा तपासतात: घनता 1.26 ते 1.28 असेल तर बॅटरी भरलेली, 1.20च्या खाली असेल तर चार्जिंगला पाठवायची. एकच कप्पा बाकीच्यांपेक्षा खूप खाली असेल, तर ती बॅटरी आता विश्वासाची राहिली नाही. पण बॅटरीला दोष देण्याआधी टर्मिनलं घासायची आणि चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी बघायची. पावसाळ्यानंतर बहुतेक वेळा दुखणं तिथेच निघतं.

उत्तरेकडे निघताना

सिल्वासा-वापीतून माल भरलेली गाडी राजस्थान, पंजाब किंवा काश्मीरकडे निघाली, की हीच तयारी जीवनमरणाची होते. इथल्या हवेत साधं पाणी भरलेला रेडिएटर वर्षानुवर्षं चालतो. शून्याखाली ते पाणी गोठतं, फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक चिरतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी भरलं, तर ते मिश्रण उणे 35 अंशांच्या आसपासही टिकतं. वर गंजही रोखतं.

डिझेलचंही तसंच. त्यात मेणासारखा अंश असतो. गारठ्यात तो घट्ट होतो आणि फिल्टर तुंबतो. म्हणूनच आपल्याकडे डिझेलच्या मानकात हिवाळा आणि उन्हाळा यांसाठी वेगळ्या मर्यादा आहेत. लडाखसाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर 2019मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं. सिल्वासात भरलेली टाकी घेऊन बर्फात शिरू नये, वाटेत तिकडचं डिझेल भरत जावं, हे शहाणपण अशा प्रवासांतून आलं आहे. टाकीखाली बोळे पेटवणं किंवा डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं या जुन्या सवयी मात्र सोडायलाच हव्यात. पहिलीनं गाडी जळू शकते, दुसरीनं पंप कोरडा पडून झिजतो.

एअर ब्रेकच्या टाक्यांतलं पाणी रोज सोडणं हीसुद्धा अशीच शिस्त. दाबलेल्या हवेतला ओलावा टाकीच्या तळाशी साचतो. सिल्वासात त्यानं गंज चढतो. जोजिला खिंडीच्या थंडीत तेच पाणी नळीत गोठून ब्रेक अडवू शकतं. कपराड्याचा घाट उतरून नाशिककडून येणाऱ्या गाडीलाही दगा देणारा ब्रेक परवडत नाही.

जिथे हात थांबवायचा

स्वतः दुरुस्ती करण्याचं खरं मोठेपण कुठे थांबायचं हे कळण्यात आहे. जुन्या गाड्यांच्या चाकांना लॉक रिंग असते. नीट न बसलेली रिंग हवा भरताना तोफेसारखी उडते आणि माणूस जागीच जातो. म्हणून हवा पिंजऱ्यात भरावी, समोर उभं राहू नये. पार्किंग ब्रेकच्या स्प्रिंग चेंबरमध्ये जबरदस्त ताणाची स्प्रिंग कोंडलेली असते. तो डबा घरी उघडायचाच नाही, अख्खा बदलायचा. डंपरची ट्रॉली वर करून खाली काम करायचं तर आधी पक्का टेकू. गाडी जॅकवर उचलली की घोडी लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही. आणि थंडी वाजते म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. विषारी धूर माणसाला सावध होऊ देत नाही.

ही पथ्यं आज तोंडी चालतात. ज्याला चांगला उस्ताद भेटला तो ती शिकतो, ज्याला नाही भेटला तो जीव धोक्यात घालतो. या शास्त्रातली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

पुढची गाडी

जुन्या ट्रकांवरचा आक्षेप खरा आहे. ते जास्त धूर सोडतात आणि त्यांच्यात नव्या गाड्यांची सुरक्षितता नाही. 13 ऑगस्ट 2021 रोजी देशाचं वाहन मोडीत काढण्याचं धोरण जाहीर झालं; 1 एप्रिल 2022पासून पंधरा वर्षांवरच्या जड वाहनांचं फिटनेस शुल्क 12,500 रुपये झालं. दिशा योग्यच आहे. पण एका गाडीवर जगणारा मालक ती उद्याच बदलू शकत नाही. ती रस्त्यावर असेतोवर तिचं नोझल नीट फवारतंय की नाही, यावर आपल्या सगळ्यांची हवा अवलंबून आहे. नीट राखलेला जुना ट्रक आणि हेळसांड झालेला जुना ट्रक यांच्या धुरात जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

नव्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. एप्रिल 2020पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 ट्रकांत डिझेलचा दाब जुन्या नोझलच्या दोनशे-एक बारवरून दीड-दोन हजार बारवर गेला आहे. नट सैल करून सिलिंडर ओळखण्याची रीत तिथे जीवघेणी ठरेल. दोष कळतो तो स्कॅनरवर, आणि तो स्कॅनर व त्याची माहिती मालकाच्या हाती क्वचितच असते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेत वाहनं आणि शेतीची अवजारं दोन्ही आहेत. त्या हक्काचा खरा कस सिल्वासासारख्या ठिकाणी लागेल, जिथे गाडी बंद पडणं म्हणजे घराची मिळकत बंद पडणं.

माझी मागणी साधी आहे. सिल्वासाजवळच्या कराड गावात सरकारी तंत्रनिकेतन आहे. तिथे दिवाळीनंतर, गाड्यांची चाकं उतरतात त्या आठवड्यांत, चालक-मालकांसाठी खुले वर्ग घ्यावेत. सकाळी अनुभवी मिस्त्रींनी धूर आणि आवाज वाचायला शिकवावं, दुपारी शिक्षकांनी स्कॅनर हाती द्यावा. हवा भरण्याचा पिंजरा, घोड्या आणि नोझल तपासणीचं यंत्र गरजूंना तिथे वापरू द्यावं. पुस्तकं मराठी आणि गुजरातीत असावीत, वारली बोलणाऱ्या मुलाला चित्रांवरून कळतील अशी. नट सैल करून इंजिनाचा श्वास ओळखणाऱ्या माणसाला स्कॅनर शिकायला फार वेळ लागत नाही, कारण यंत्राला प्रश्न कसा विचारायचा हे त्याला आधीच येतं. ते ज्ञान भंगारात जाऊ न देता नव्या गाडीपर्यंत पोहोचवणं, हे आता आपलं काम आहे.