वर्गातील दूरचित्रवाणी संचासाठी फिरता स्टँड : निवड आणि वापर

दिल्लीतील शाळांसाठी १९६१ साली दूरचित्रवाणीवरून पाठ देण्यास प्रारंभ झाला आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. त्या काळचे संच काचनळीचे, खोल व वजनदार असत. ते भक्कम टेबलावर एकदा ठेवले की जागचे हलत नसत. आता लोकवर्गणीतून किंवा अन्य योजनेतून खेड्यातील शाळेत येणारे संच पातळ व हलके आहेत. त्यांना वळवणे, उचलणे व हलवणे सोपे झाले आहे. पण त्याच कारणाने ते पाडणेही सोपे झाले आहे. संचाची खरेदी चार ठिकाणी चौकशी करून होते आणि स्टँड मात्र उरलेल्या पैशांत, दुकानदार देईल तो, असा घेतला जातो. वस्तुतः मुलांना चित्र नीट दिसेल की नाही, आणि मुले संचाजवळ सुरक्षित राहतील की नाही, या दोन्ही गोष्टी संचापेक्षा स्टँडवरच अधिक अवलंबून असतात.

प्रथम, संच फिरवावा लागतो तरी कशासाठी, हे पाहिले पाहिजे. मुख्य कारण खिडकीचा उजेड हे होय. काळ्या पडद्यावर समोरच्या खिडकीचे किंवा ओसरीकडील दाराचे प्रतिबिंब पडले म्हणजे त्या भागातील अक्षरे मुलांना दिसत नाहीत. शिक्षक मात्र बाजूला उभे असल्याने त्यांच्या ते ध्यानातही येत नाही. सकाळच्या सत्रात पूर्वेची खिडकी त्रास देते, तर दुपारी पश्चिमेची. यावर संच थोडा वळवणे हाच सोपा उपाय आहे. परावर्तनाच्या नियमानुसार पडदा जितक्या अंशांनी वळतो, त्याच्या दुप्पट अंशांनी परावर्तित किरण वळतो. म्हणजे पडदा १० अंश वळवला की प्रतिबिंब २० अंश सरकते. यावरून असे दिसून येईल की वर्गाच्या कामाला दोन्ही बाजूंस ३०-४० अंश वळणारा स्टँड पुरेसा होतो. ‘सगळीकडे गोल फिरतो’ या दुकानातील कौतुकासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. पूर्ण फेरा घेणाऱ्या स्टँडवर तारा पिळल्या जातात, हा त्याचा आणखी एक दोष.

संच येण्यापूर्वीच जागा ठरवावयाची असल्यास साधा आरसा घ्यावा. नियोजित जागी एका मुलाने तो पडद्याच्या उंचीवर धरावा आणि शिक्षकांनी बसकरपट्टीवर, मुलांच्या जागी, स्वतः बसून पाहावे. आरशात खिडकी दिसली तर पडद्यातही ती दिसणार. पाचवीनंतरच्या वर्गात हा प्रयोग विज्ञानाच्या तासालाच करून घेता येईल.

दुसरे कारण दोन इयत्ता एकाच खोलीत बसवाव्या लागणाऱ्या शाळांचे आहे. तिसरी पाहत असता चौथीने लेखन करावे म्हणून संच एकीकडे वळवण्याचा विचार सुचतो. तो काही अंशी योग्यही आहे. मात्र चित्र वळले तरी आवाज वळत नाही. चौथीचे कान तिसरीच्या गोष्टीकडेच राहतात. अशा वेळी चौथीस चित्र काढणे, नकाशा रंगवणे अशी कामे द्यावीत. गणिते देऊन उपयोग होत नाही.

उंचीच्या बाबतीत अनेक शाळांत एकच चूक दिसते. चोरीच्या आणि मोडतोडीच्या भीतीने संच घड्याळासारखा भिंतीवर उंच लावला जातो आणि खाली बसलेली मुले अर्धा तास माना वर करून पाहतात. जमिनीवर बसलेल्या लहान मुलाचे डोळे दोन ते अडीच फुटांवर असतात. पडद्याची खालची कड साधारण तीन फुटांवर ठेवली तर मागच्या मुलांना पुढच्यांच्या डोक्यांवरून दिसते आणि पुढच्यांनाही मान ताणावी लागत नाही. पहिली रांग संचापासून किमान पाच फूट दूर असावी. शेवटच्या रांगेचे अंतर पडद्याच्या उंचीच्या सहा पटींहून फार जास्त झाले तर लहान अक्षरे वाचता येत नाहीत. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५४ सेंटीमीटर असते. म्हणजे हे अंतर सव्वातीन मीटरच्या आसपास येते. त्यामागे मुले बसवावी लागत असतील तर मजकूर मोठा करून दाखवावा किंवा दोन गट करावेत. फार बाजूला बसलेल्या मुलांना रंग फिके व आकार चेपलेले दिसतात. त्यांच्यासाठी संच वळवीत बसण्यापेक्षा मुलांनाच मधे सरकवावे.

आता स्टँडच्या निवडीकडे वळू. बाजारात तीन प्रकार आढळतात : टेबलावर ठेवावयाची फिरती बैठक, चाकांचा उभा स्टँड आणि भिंतीतून पुढे ओढता येणारा हात. यांपैकी चाकांचा उभा स्टँड शाळांना सर्वाधिक आवडतो, कारण तो एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेता येतो. आणि सर्वाधिक धोकाही त्याचाच असतो. त्याचा हिशेब शिक्षकांनी एकदा स्वतः करून पाहावा. समजा, संच ८ किलोचा व स्टँड १२ किलोचा, एकूण भार २० किलो. मध्यापासून पुढच्या चाकांपर्यंतचे अंतर २५ सेंटीमीटर आहे आणि मुलाने १२५ सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे पडद्याच्या मध्यास, हात घालून ओढले. २० गुणिले २५ भागिले १२५, म्हणजे ४. केवळ चार किलोच्या ओढीने हा स्टँड पुढे कलंडू लागेल. भरलेले दप्तर अडकवले तरी एवढी ओढ बसते! तळाच्या फळीवर २० किलो वाळूचे पोते बांधले तर हीच ओढ आठ किलो लागेल. शिवाय पाया रुंद करून २५ चे ४० सेंटीमीटर केले तर जवळजवळ तेरा किलो. म्हणून पाया चारी बाजूंनी सारखा रुंद असावा आणि जड वस्तू खाली असावी. तळाच्या फळीवर खडूच्या पेट्या किंवा खेळाचे साहित्य ठेवू नये. ते घेण्यास आलेला मुलगा त्याच फळीवर पाय देतो. चाकांना ब्रेक असला तरी त्यावर विसंबू नये. ब्रेक सरकणे थांबवतो, कलंडणे थांबवत नाही. ज्या वर्गात स्टँड उभा करावयाचा, तेथे भिंतीला कडी बसवून मजबूत पट्ट्याने तो बांधावा. हलवताना दोन मोठ्या माणसांनी हलवावा. मुलांकडून ढकलवून घेऊ नये, उंबरठ्यावर तर मुळीच नाही.

भिंतीच्या हाताविषयी वेगळा विचार करावा लागतो. संच व हात मिळून १० किलो असून हात ५० सेंटीमीटर पुढे ओढला, आणि पट्टीच्या वरच्या व खालच्या बोल्टांत २० सेंटीमीटर अंतर असले, तर वरच्या बोल्टांवर २५ किलोची बाहेर खेचणारी ओढ येते. हात मिटवून संच भिंतीपासून ८ सेंटीमीटरवर आणला की ती चार किलोच राहते. २५ किलोचे मूल त्या ओढलेल्या हाताला लोंबकळले तर आणखी ६२ किलोंची भर पडते. पक्क्या विटांची किंवा काँक्रीटची भिंत, आणि त्यात योग्य फास्टनर, असेल तरच हा प्रकार घ्यावा. मातीत बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीत आणि ठिसूळ जांभ्यात बोल्ट केवळ गिलाव्याला धरून राहतो. अशा शाळांनी हा मोह टाळावा. पाठ संपताच हात मिटवून ठेवण्याची शिस्त मात्र सर्वत्रच हवी.

एक-दोन शिक्षकी शाळेला बहुधा पहिला प्रकारच सोयीचा ठरतो. गावातील सुतार किंवा वेल्डर योग्य उंचीचे जड, रुंद पायांचे टेबल करून देतो. त्यावर फिरती बैठक स्क्रूने पक्की करावी, नुसती ठेवू नये. संच बैठकीवर पक्का बसला पाहिजे आणि संचाच्या पाठीवरून एक पट्टा टेबलाला बांधलेला असावा. बैठक विकत घेताना वरचा भाग दोन्ही हातांनी धरून खालीवर हलवून पाहावा. डगमग जाणवली तर आतील छर्ऱ्यांची बैठक सैल आहे असे समजावे. वळण ठरावीक मर्यादेत अडवणारी खुंटी असेल तर उत्तम. नसल्यास वेल्डरकडून बसवून घ्यावी.

संचाच्या पाठीमागे चार छिद्रे असतात. त्यांतील आडवे व उभे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून, उदाहरणार्थ १०० बाय १०० किंवा २०० बाय २००, कागदावर लिहूनच दुकानात जावे. स्क्रूची जाडी व लांबी संचाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. लांब स्क्रू आतील भागाला इजा करतो आणि आखूड स्क्रू आटे ओरबाडून निसटतो. प्रथम हाताने फिरवून तो सरळ जातो याची खात्री करावी, नंतरच पाना लावावा.

तारांना वळणापुरती ढील देऊन त्या स्टँडच्या खांबाला बांधाव्यात. संच दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहावा. प्लग ओढला जात असेल तर ढील कमी आहे. जमिनीवरून मुलांच्या वाटेत आडवी तार नसावी. तीन पिनांचा प्लग तोडून दोन पिनांचा करण्याची सवय फार घातक आहे. विजा चमकू लागल्यास संच केवळ बंद करून भागत नाही. प्लग आणि छतावरून आलेली अँटेनाची तार दोन्ही आधीच काढून ठेवावीत.

संच व स्टँड यांची डेडस्टॉक नोंदवहीत स्वतंत्र नोंद घ्यावी आणि दर सत्राच्या आरंभी स्क्रू, चाके, पट्टा व भिंतीतील कडी तपासल्याची तारीख तेथेच टिपावी. रंगकाम, मतदान केंद्र किंवा गावातील कार्यक्रम यांसाठी वर्ग रिकामा करताना पट्टा सोडला जातो आणि स्टँड परत आणणारी माणसे वेगळी असतात. शाळा पुन्हा भरेल त्या दिवशी मुख्याध्यापकांनी तो पट्टा स्वतः ओढून पाहावा आणि नंतरच मुलांना त्या खोलीत बसवावे.