कामाचा मालक, कागदाचा मालक

पुण्याच्या मार्केट यार्डात कांद्याची पोती उतरवणाऱ्या हमालाचा मालक कोण? सकाळी तो एका आडत्याचा ट्रक खाली करतो, दुपारी दुसऱ्याचा. मालकच ठरत नाही म्हटल्यावर त्याचा फंड कोण भरणार आणि कंबर धरली तर बघणार कोण? १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला आणि मध्ये एक मंडळ आणून बसवलं. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने हमालाला पगार द्यायचा आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस सांभाळायचा. माझे वडील अशा मंडळात कारकून होते. एखाद्या आडत्याने लेव्ही थकवली की रात्री त्यांचं जेवणात लक्ष नसे.

मी भोसरी-चाकणकडच्या छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं करते. अलीकडे या कारखान्यांतून एक नवाच प्रश्न यायला लागला आहे. "मॅडम, जर्मनीत एक माणूस ठेवायचाय. तिथे आपली कंपनी नाही. कसं जमवायचं?" त्याला हल्ली सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे ईओआर, एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड. त्या देशात आधीपासून नोंदलेली एक कंपनी तुमच्या माणसाला स्वतःच्या नावावर नोकरीला ठेवते. नेमणूकपत्र ती देते, पगारपत्रक ती काढते, कर कापून सरकारजमा ती करते. काम काय द्यायचं आणि पगारवाढ किती, हे तुमच्याकडे. दर महिन्याला ती बिल पाठवते. त्यात पगार, मालकाच्या वाट्याचे हप्ते आणि तिची फी. माथाडी मंडळ हमालाचं मालक होत नाही, ते मधला हिशेब सांभाळतं. ईओआर कंपनी मात्र कायद्याने मालकच होते. पुढची सगळी सोय आणि सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

धंदा तसा अलीकडचा. अमेरिकेत ग्लोबलायझेशन पार्टनर्स ही कंपनी २०१२ मध्ये निघाली. आज ज्यांचं नाव जास्त ऐकू येतं त्या डील आणि रिमोट या दोन्ही २०१९च्या. पुढच्याच वर्षी करोना आला, ऑफिसं ओस पडली आणि माणूस कुठे बसून काम करतो हे कुणी विचारेनासं झालं. कुठल्या देशाचा कायदा त्याला लागतो, हे मात्र विचारावंच लागतं. या कंपन्यांची फी, जाहीर दराने बोलायचं तर, माणशी महिना सहाशे डॉलरच्या आसपास असते. घासाघीस होते.

माझे एक गिऱ्हाईक हायड्रॉलिकचे सुटे भाग बनवतात. खरेदीदार स्टुटगार्टच्या परिसरात. दर वेळी इकडून माणूस पाठवायचा म्हणजे व्हिसा, विमान, हॉटेल आणि वर भाषेची अडचण. त्यापेक्षा तिथलाच एखादा इंजिनियर विक्रीला ठेवावा असं साहेबांच्या मनात आलं. स्वतःची कंपनी काढायची तर तिथल्या जीएमबीएचला, म्हणजे तिकडच्या प्रायव्हेट लिमिटेडला, किमान २५,००० युरो भांडवल लागतं, त्यातलं निम्मं नोंदणीआधीच भरावं लागतं. मग नोटरी, व्यापार-नोंदणी, बँकेचं खातं, दर वर्षीचे हिशेब. इकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे परदेशी गुंतवणुकीचे फॉर्म वेगळे आणि दर ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीच्या कामगिरीचा अहवाल द्यायचा. एका इंजिनियरसाठी एवढा पसारा कोण मांडणार?

"मग फ्रीलान्सर म्हणून ठेवू की," साहेब म्हणाले. "तो बिल देईल, आपण पैसे पाठवू."

आपल्याकडे हे बिनबोभाट चालतं. जर्मनीत फ्रीलान्सर एकाच गिऱ्हाइकाकडे, त्याच्या सांगण्यावरून, त्याच्या वेळापत्रकाने राबत असेल तर तिथली यंत्रणा त्याला नोकर ठरवू शकते. तसं झालं की मागचे विम्याचे हप्ते मालकाकडे मागितले जातात, मालकाचा वाटा आणि नोकराचाही. हे ऐकल्यावर फ्रीलान्सरचा विषय साहेबांनीच बंद केला.

ईओआर कंपनीचं अंदाजपत्रक आलं. पगार वर्षाला ६०,००० युरो, म्हणजे महिना ५,०००. त्याखाली मालकाचा वाटा म्हणून पेन्शन, आरोग्यविमा, बेकारी विमा आणि म्हातारपणच्या शुश्रूषेचा विमा, सगळं मिळून साधारण २१ टक्के. म्हणजे आणखी हजारावर युरो. मग फी आणि सुरुवातीला अनामत. सेवा परदेशातून घेतली म्हणून आपल्याकडे रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच भरायचा, १८ टक्के जीएसटी. तो पुढे वजा करून मिळतो, पण आधी रोख भरावा लागतो. साहेबांनी कागद वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला.

"त्याच्या हातात किती पडणार?"

अविवाहित असेल तर तीन हजारांच्या थोडं वर.

"मग मधले कुणी खाल्ले?"

कुणी खाल्ले नाहीत. मालकाइतकेच विम्याचे हप्ते त्याच्याही पगारातून जातात, त्यावर आयकर. बदल्यात तो आजारी पडला तर मालकाने सहा आठवडे पूर्ण पगार द्यायचा, त्यापुढे त्याची विमा संस्था बघते. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षात किमान वीस दिवस रजा कायद्यानेच आहे, आणि पंचवीस-तीस दिल्याशिवाय बरा माणूस फिरकत नाही. साहेबांनी मला रजा पंधरावर आणायला सांगितलं होतं. जणू मी जर्मन संसदेत बसते.

माणूस मिळाला, कामाला लागला आणि प्रोबेशन संपायच्या आतच दोघांचं वाजलं. तिथे प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर माणूस सोडता येतो. साहेबांनी रात्री व्हॉट्सॲपवर लिहून टाकलं की उद्यापासून काम थांबवा. सकाळी मला फोन, पुढचे कागद तयार करा म्हणून. पण जर्मनीत नोकरी संपवल्याचं पत्र कागदावर, शाईच्या सहीनिशी, समोरच्याच्या हाती पोचावं लागतं. ईमेल, पीडीएफ, डिजिटल सही, काही चालत नाही. शिवाय ती सही साहेबांची नाहीच, ईओआर कंपनीची.

"माणूस मी शोधला, पैसे मी देतो आणि काढायचं पत्र त्यांनी द्यायचं?"

हो. मालक ते आहेत. पत्र चुकलं तर कामगार न्यायालयात उभं त्यांना राहायचं असतं, म्हणून ते घाईने सही करत नाहीत आणि करूही नये. (अशा दाव्याचा खर्च मात्र बहुतेक करारांत फिरून तुमच्याच बिलात येतो. ते कलम सही करण्याआधी वाचायचं असतं, भांडण झाल्यावर नाही.) पत्र शेवटी निघालंच नाही. ईओआर कंपनीच्या तिथल्या बाईंनी दोघांना एका कॉलवर बसवलं. भांडण दौऱ्याच्या खर्चाला मंजुरी मिळायला होणाऱ्या उशिरावरून होतं. खर्चाची मर्यादा ठरली, माणूस टिकला.

त्याहून अवघड गाठ पुढे होती. माणूस आपण नोकरीला ठेवायचा आणि दुसऱ्याच्या हाताखाली द्यायचा, यासाठी जर्मनीत १९७२ पासून स्वतंत्र कायदा आहे. परवान्याशिवाय ते करता येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर एक माणूस एकाच ठिकाणी सलग अठरा महिन्यांपेक्षा जास्त देता येत नाही, एखाद्या उद्योगाच्या सामूहिक करारात वेगळं ठरलं असेल तेवढाच अपवाद. नऊ महिन्यांनंतर त्याला तिथल्या कायम कामगाराइतका पगार द्यावा लागतो. अठरा महिने उलटले की माणूस ज्याच्याकडे राबतो त्याचाच नोकर, असं कायदा धरून चालतो. म्हणजे ज्या कारणासाठी मध्ये ईओआर घातली तेच कारण उरत नाही. आमची मांडणी या कायद्याखाली येतच नाही, असं सांगणाऱ्या ईओआर कंपन्याही भेटतात. मी त्यांच्याकडून ते लेखी मागते. कागद येईपर्यंत मधुर बोलणं पुष्कळ होतं.

आणि विक्रीचा माणूस म्हटलं की कराचा प्रश्न येतोच. तो तिकडे बसून कंपनीच्या वतीने करार पक्के करायला लागला, तर भारत-जर्मनी करकराराखाली भोसरीच्या कंपनीची जर्मनीत कायम आस्थापना आहे असं म्हटलं जाऊ शकतं, आणि मग तिथल्या नफ्यावर तिथे कर. म्हणून दर आणि ऑर्डर पुण्यातून मंजूर होतील असं आम्ही लिहून ठेवलं. नुसतं लिहून भागत नाही, वागावंही तसंच लागतं. साहेबांना हे अजून जड जातं, कारण माणूस चांगला असला की त्यांना वाटतं त्यानेच सौदा मिटवावा. नोकरीचा कायदा सांभाळायची फी घेणारी ईओआर कंपनी या बाबतीत हात वर करते, आणि तिच्या माहितीपत्रकात ही गोष्ट सहसा शोधूनच काढावी लागते.

कागदावरच्या मालकाच्या पलीकडे बघायची सवय आपल्या न्यायालयांनाही आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स या बेंगळुरूच्या कंपनीचं प्रकरण आलं. परदेशी समूहातून इथे पाठवलेली माणसं, त्यांच्यावर रोजचं नियंत्रण इथल्या कंपनीचं, पगार देणार परदेशी कंपनी आणि तो भरून देणार इथली. ही तर आमचीच नोकर, असं इथल्या कंपनीचं म्हणणं. न्यायालयाने सगळे करार एकत्र वाचले आणि सांगितलं की नोकर परदेशी कंपनीचे आहेत, ती इथे मनुष्यबळ पुरवते आहे, तेव्हा सेवाकर लागेल. हे प्रकरण ईओआरचं नव्हतं. पण त्यानंतर कितीतरी कंपन्यांनी आपले करार कपाटातून काढून पुन्हा वाचले.

आता उलटी दिशा. भोसरीवाल्याला जर्मनीत माणूस हवा असतो तसा ॲमस्टरडॅमवाल्याला सांगलीत हवा असतो. माझी भाची तशीच लागली. मुलाखती घेतल्या डच कंपनीने, नेमणूकपत्र आलं बेंगळुरूच्या कुणा अनोळखी कंपनीचं. ताईचा फोन आला, "अगं, ही फसवणूक तर नाही ना? पोरीला यांनी बघितलंसुद्धा नाही." फसवणूक नव्हती. पगार रुपयांत, पीएफ कापलेला, महाराष्ट्राचा व्यवसाय कर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाअखेरीस फॉर्म १६. गृहकर्ज देणाऱ्या बँकेलाही हेच कागद लागतात, तिथला अधिकारी फक्त "ही कंपनी नेमकं करते काय?" असं दोनदा विचारतो.

दुसरा रस्ता होता थेट डच कंपनीचा कन्सल्टंट होण्याचा. ४४एडीए या नावाने सगळ्यांच्या तोंडी असलेली करसवलत बसत असेल तर मिळकतीतला निम्मा भागच करपात्र धरता येतो, आणि हातात पैसा निश्चित जास्त पडतो. चोविशीतल्या मुलांना ते पटतं, त्यात चूक काही नाही. मात्र मग पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा नाही, आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी घेऊन निर्यातीची कागदपत्रं आपली आपण सांभाळायची. भाचीचं लग्न ठरत होतं. तिने ईओआर घेतली. मीही तेच सांगितलं असतं, पण तिने विचारलं नाही.

पत्र मात्र मी वाचलं. सीटीसीच्या आकड्यात मालकाचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली होती. ते चालतं, ईओआरची फीही त्यात घुसवलेली असती तर चाललं नसतं. मुदतीची नेमणूक होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांखाली मुदतीच्या नोकराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, पूर्वीसारखी पाच वर्षं थांबावं लागत नाही. सोडताना किंवा काढताना मजुरीचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा, हेही त्यात आहे. नोटीस किती महिन्यांची, आणि डच कंपनीने उद्या हात काढून घेतला तर नोटिशीचा पगार कोण देणार, हे पत्रात मोघम होतं. ते मी स्पष्ट करून मागायला लावलं. अशा वेळी ईओआर कंपनीकडे द्यायला दुसरं काम नसतं. कागदावर ती मालक असते, तिच्या दारात कारखाना नसतो. भाचीने लिहिलेलं साहित्य आणि कोड कुणाच्या मालकीचं, हे कलम दोन पानं लांब होतं. रजेचं अर्धं पान.

पगार झाल्यावर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पीएफ जमा करावा लागतो. त्यानंतर आठवड्याने पासबुक उघडून बघ, कापलेली रक्कम आणि जमा झालेली रक्कम जुळते का ते तपास, असं मी भाचीला बजावलं. वर्षातून तीन-चारदा आयकराच्या पोर्टलवर टीडीएसही बघायचा, कारण पगारातून कापला जाणं आणि सरकारजमा होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. तिने पहिल्यांदा बघायला घेतलं तेव्हा फोन केला, "मावशी, साइट उघडतच नाहीये." म्हटलं, रात्री अकरानंतर बघ, तेव्हा उघडते.