विश्लेषण : शर्यतीतली नौका पहिल्याच रात्री खडकावर का चढली? अनोळखी समुद्रात खरा धोका कुठे असतो?

३१ ऑक्टोबर २०१७. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनहून ‘क्लिपर’ जगप्रदक्षिणा शर्यतीचा तिसरा टप्पा सुरू झाला. पुढचे बंदर होते ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल आणि वाटेत दक्षिणी महासागराचा खवळलेला पट्टा. मात्र ‘ग्रीनिंग्ज’ ही नौका तिथवर पोहोचलीच नाही. त्याच रात्री ती केप द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर खडकांत रुतली. नौकेवरील सर्व १८ जण सुखरूप बाहेर आले, पण नौका कायमची गेली.

ही शर्यत कोणासाठी?

क्लिपर शर्यतीत पैसे भरून सहभागी होता येते. शिडाच्या नौकेचा पूर्वानुभव लागत नाही, मात्र प्रशिक्षणाचे चार टप्पे पूर्ण करावे लागतात. ही शर्यत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी सुरू केली. १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले खलाशी. त्यांची ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईत सागवानापासून बांधलेली होती.

त्या रात्री काय चुकले?

ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाच्या अहवालानुसार, किनारा आणि खडकांच्या तुलनेत नौका नेमकी कुठे आहे, यावर पुरेसे लक्ष नव्हते. नौकेवर व्यावसायिक असा एकच माणूस होता, तो म्हणजे कप्तान. तो डेकवरच्या कामात अडकला होता. सागरी नकाशाचा पडदा खाली केबिनमध्ये होता, डेकवर नव्हता. म्हणजे माहिती नौकेवर होती, पण निर्णय घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हती.

सावरायला वेळ किती मिळतो?

साधा हिशेब करू. १० नॉट वेग म्हणजे ताशी साधारण १८.५ किलोमीटर, सेकंदाला सुमारे ५ मीटर. या वेगाने एक किलोमीटर अंतर सव्वातीन मिनिटांत संपते. ७० फुटी नौकेची दिशा बदलायची तर शिडे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घ्यावी लागतात. अंधारात, नवख्या हातांनी हे काम करायला तीन मिनिटे पुरतीलच असे नाही.

नकाशावर सगळे दिसत नाही का?

दरवेळी नाही. इलेक्ट्रॉनिक नकाशा लहान करून पाहिला, की पडद्यावरची गर्दी टाळण्यासाठी बारीक तपशील गाळले जातात. २०१४ मध्ये व्होल्वो ओशन रेसमधील ‘टीम वेस्टास विंड’ ही नौका हिंदी महासागरात मॉरिशसच्या उत्तरेकडील प्रवाळखडकांवर आदळली, तेव्हा हेच घडले होते. तो चमू तर व्यावसायिक होता. नकाशा मोठा करून पाहिला असता तर खडक दिसले असते.

काही भागांतील सर्वेक्षणे उपग्रहांच्या आधीची आहेत. तिथे नकाशातली जागा आणि जीपीएसची जागा यांत फरक पडू शकतो. क्लिपरचीच ‘कॉर्क’ ही नौका जानेवारी २०१० मध्ये जावा समुद्रात खडकावर चढून निकामी झाली होती. तिच्यावरील खलाशांना शर्यतीतल्या इतर नौकांनी वाचवले.

कोकणातल्या तांडेलाला आपल्या किनाऱ्यावरचे खडक पाठ असतात. परक्या पाण्यात ती सोय नसते. तिथे तयारी आधीच करावी लागते.

परक्या पाण्यात उतरण्यापूर्वी काय करावे?

- संपूर्ण मार्ग नकाशा मोठा करून, तुकड्यातुकड्याने तपासा.
- किनाऱ्यापासून सुरक्षित अंतरावर एक सीमारेषा आखा. वारा कितीही अनुकूल असला, तरी ती ओलांडायची नाही.
- प्रत्येक पाळीत एकाकडे फक्त नकाशा आणि खोली पाहण्याचे काम द्या. त्याच्या हाती शिडाची दोरी नको.
- दिशा कुठे बदलायची ते आधीच ठरवा आणि नवख्या हातांसाठी वेळ वाढवून धरा.

पुढे काय बदलले?

२०१९-२० पासून क्लिपरच्या प्रत्येक नौकेवर कप्तानाच्या जोडीला आणखी एक पात्रताधारक खलाशी असतो. एकाचे हात शिडात गुंतले, तरी दुसऱ्याचे डोळे नकाशावर राहू शकतात. ‘ग्रीनिंग्ज’वर त्या रात्री नेमकी हीच जागा रिकामी होती.