जाडंभरडं मिळेल का?

टोकरखाडा हा सिल्वासा शहराचाच एक भाग, आणि सिल्वासा म्हणजे धाग्याचं गाव. पिपरियाला १९६५ मध्ये सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत उभी राहिली, ऐंशीच्या दशकात करसवलती आल्या आणि बघता बघता मसाट, खडोलीपर्यंत कारखाने पसरले. त्यातले कितीतरी पॉलिएस्टर धाग्याचे. या धाग्यातला एक तंतूही एकोणिसाव्या शतकात कुणाच्या अंगाला लागलेला नव्हता. त्यामुळे इथल्या एखाद्या शाळेनं स्नेहसंमेलनात १८४८ ची सावित्रीबाई उभी करायची ठरवली, की दुकानातून येते ती ‘शिवलेली नऊवारी’. कमरेला इलॅस्टिक, काठ झगझगीत, कापड सुळसुळीत आणि काळाच्या हिशेबात नखशिखान्त चुकीचं. दोन मिनिटांत चढवता येते, एवढा गुण मात्र तिला द्यायलाच हवा.

दोष सिल्वाशाचा नाही. पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये जॉन व्हिनफील्ड आणि जेम्स डिक्सन यांनी शोधला तो मँचेस्टरच्या ‘कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन’च्या नोकरीत असताना. ज्या मँचेस्टरच्या कापडानं इथले माग बंद पाडले, त्याच मँचेस्टरच्या छापील कापडवाल्यांकडून हा धागाही आला. इतिहासाला असले विनोद आवडतात.

एकोणिसाव्या शतकाचे कपडे पुन्हा शिवायचे, तर आधी कापड कोणतं घ्यायचं, हा प्रश्न मराठी रंगभूमीला फार उशिरा पडला. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा तो पडलाच नाही, कारण नाटक चालू काळातलं होतं. भद्रेश्वर दीक्षिताचं उपरणं आणि इंदिराकाकूचं लुगडं नटांच्या आणि प्रेक्षकांच्या घरात वाळत पडलेलंच असायचं. आज तेच नाटक करायचं तर वेशभूषाकाराला सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं. पुढे १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि बालगंधर्वांच्या शालू-पैठण्यांनी महाराष्ट्राला वेड लावलं. ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी पौराणिक होती, तिचं वस्त्र मात्र त्याच वेळच्या श्रीमंत घरातलं. कापड अस्सल हवं, ही अट तिथं कसोशीनं पाळली गेली. ते त्या काळचं हवं, अशी अट कुणी घातलीच नव्हती.

मग कॅमेरा आला. कृष्णधवल चित्रपटानं बराच काळ सगळ्यांना सांभाळून घेतलं. आचार्य अत्र्यांचा ‘महात्मा फुले’ १९५४ चा, काळ्या-पांढऱ्यातला; पागोटं कोणत्या रंगात रंगवलंय हे पडद्यावर कळायचं नाही. त्याच्याच आदल्या वर्षी सोहराब मोदींनी ‘झांशी की रानी’ टेक्निकलरमध्ये आणला आणि १८५७ च्या कपड्यांना एकदम रंग आले. रंग आले की तारखाही आल्या, कारण रंगांना जन्मतारीख असते.

विल्यम पर्किनला जांभळा ‘मॉव्ह’ रंग सापडला १८५६ मध्ये, मॅजेंटा आला १८५९ च्या सुमारास. मंजिष्ठेतलं लाल द्रव्य, अलिझरिन, १८६८ मध्ये जर्मन रसायनज्ञांनी प्रयोगशाळेत बनवलं. कृत्रिम नीळ बाजारात यायला १८९७ उजाडलं. म्हणजे १८४८ मध्ये भिडेवाड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाईंना राणी रंगाचं लुगडं नेसवलं, तर ते रंगद्रव्य शोधलं जायला अजून दहा-अकरा वर्षं आहेत. त्या वेळचा लाल आल किंवा मंजिष्ठेचा, निळा निळीचा, पिवळा हळदीचा किंवा पळसफुलांचा. कुसुंब्याचा गुलाबी होता, पण तो उन्हापाण्यात विटायचा. रोजच्या लुगड्यावर कुणी तो फार दिवस भरवशानं वापरला नसेल. हे रंग फिके होते असं मात्र समजू नये. आलेचा लाल चांगला गडद, किंचित तपकिरीकडे झुकणारा. चित्रपटांत जुना काळ दाखवताना सगळं मळकट मातकट करून टाकायची जी सवय लागली आहे, तिला आधार नाही.

जुने फोटो बघून रंग ठरवणारा तर हमखास फसतो. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत, लालला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे फोटोत निळं वस्त्र फिकट उमटतं आणि लाल काळपट. आनंदीबाई जोशींचा फिलाडेल्फियातला १० ऑक्टोबर १८८५ चा फोटो प्रसिद्ध आहे. शेजारी जपानची केई ओकामी आणि दमास्कसची सबत इस्लामबुली. तिघी आपापल्या देशी पोशाखात. आनंदीबाईंच्या साडीचा काठ, पोत, चमक यांचा अंदाज त्या फोटोवरून बांधता येतो, पण रंग विचारला तर फोटो गप्प. राजा रविवर्म्याच्या चित्रांत रंग आहेत, नऊवारीच्या निऱ्यांचा भारही आहे. तरी तो चित्रकार मॉडेलला आपल्या मनाजोगतं सजवून बसवायचा. त्याच्या सरस्वतीवरून पुण्यातल्या शिक्षिकेचं लुगडं ठरवणं म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून घरातला रोजचा वेश ठरवण्यासारखं.

मग पुरावा कुठं शोधायचा? सगळ्यात भक्कम पुरावा ज्यांनी आपल्या मागांचं नुकसान केलं त्यांनीच जपून ठेवला. लंडनच्या इंडिया म्युझियमचे जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये हिंदुस्थानी कापडाच्या नमुन्यांचे अठरा खंड तयार केले. सातशे नमुने, प्रत्यक्ष कापडाचे तुकडे कापून चिकटवलेले, सोबत लांबी, रुंदी, वजन, कुठं विणलं याची नोंद. असे वीस संच निघाले. तेरा ब्रिटनमध्ये वाटले, सात हिंदुस्थानात. हेतू सरळ होता: इथल्या माणसांना काय आवडतं ते ब्रिटिश गिरणीवाल्यांना कळावं आणि त्यांनी तसंच विणून विकावं. आज तेच खंड वेशभूषाकारांचं पंचांग झाले आहेत. मुंबईत राणीच्या बागेशेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात वेगवेगळ्या जातीजमातींचे मातीचे पुतळे आहेत, पगड्या-पागोट्यांसकट. पुतळ्याचा पोत हाताला लागत नाही, पण नेसण कळते.

या शोधाला कारागिरीची प्रतिष्ठा मिळवून दिली ती कोल्हापूरच्या एका मुलीनं. भानुमती राजोपाध्ये, नंतरच्या भानू अथैया, जन्म १९२९. वडील अण्णासाहेब चित्रकार, स्वतः त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. १९५६ च्या ‘सी.आय.डी.’पासून त्यांनी कपडे केले आणि ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासोबत १९८३ मध्ये ऑस्कर घेतलं. ‘गांधी’ची गोष्ट सुरू होते १८९३ मध्ये. ऑस्करनंतर अठरा वर्षांनी आलेला ‘लगान’ही १८९३ चाच, आणि त्याच्या वेशभूषेसाठी अथैयांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्हींतलं वर्ष एक, कापडं मात्र दोन टोकांची. तरुण बॅरिस्टरचा लोकरी सूट एका बाजूला, चंपानेरच्या शेतकऱ्यांचं सुती जाडंभरडं दुसऱ्या बाजूला. मैदानावर साहेबाची फ्लॅनेलची पँट आणि शेतकऱ्याचं धोतर समोरासमोर धावतात, तेव्हा कोण कुठला हे संवादाआधी कापड सांगतं.

मराठीत एकोणिसाव्या शतकाचं पीक गेल्या पंधरा वर्षांत चांगलं आलं. रमाबाई रानड्यांवरची ‘उंच माझा झोका’ ही मालिका २०१२ मध्ये सुरू झाली, समीर विद्वांसांचा ‘आनंदी गोपाळ’ २०१९ मध्ये आला. पडदा जितका स्पष्ट, तितकी चूक उघडी. आता जरीचं प्लास्टिकही दिसतं आणि ब्लाउजची टिचबटणंही. चोळी गाठीची असायची, खणाची. गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा अरुंद, म्हणून चोळीचे तुकडेही त्या पन्ह्याच्या मापानंच पडायचे. रुंद कापडातून कापलेली चोळी अंगावर वेगळीच बसते. इरकलचं अंग सुती आणि पदर रेशमी, दोन्ही ताणे मागावरच एकमेकांत अडकवून जोडलेले. आज तो पदर पुष्कळदा कृत्रिम रेशमाचा असतो, आणि कृत्रिम रेशीम बाजारात येईपर्यंत एकोणिसावं शतक जवळजवळ संपलं होतं.

सुती म्हटलं की निश्चिंत व्हावं, तर तेही नाही. सुताला कॉस्टिकमधून काढण्याची युक्ती जॉन मर्सरनं १८४४ मध्ये शोधली. सूत ताणून त्याला चमक आणायचं तंत्र १८९० च्या सुमाराला आलं. म्हणून आजची मऊ, किंचित तुकतुकीत सुती साडी १८७० च्या बाईला परकी. पांढऱ्या कापडातली आधुनिक चमकवणारी रसायनं तर रंगमंचाच्या दिव्यांखाली निळसर पेटतात. त्यापेक्षा कोरं, खळ असलेलं कापड आणून ते उकळून, उन्हात टाकून घेतलेलं बरं.

इथं आणखी एक गैरसमज वाटेत येतो: जुनं म्हणजे हातमागाचं. वस्तुस्थिती गुंतागुंतीची आहे. कावसजी दावरांची मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि मँचेस्टरचा माल त्याआधीपासून बाजारपेठांत होता. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेले. ते लोकांच्या लक्षात राहिलं, कारण सभ्य समाजात तसं कुणी करत नव्हतं. तेव्हा १८७७ च्या पुण्यातल्या वकिलाला विलायती मलमलीचं उपरणं दिलं तर ते बरोबरच. खादी द्यायची ती काकांना.

सगळ्यात अवघड वेश अजून बाकी आहे. २ मार्च १८८८ रोजी हरी रावजी चिपळूणकरांनी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटला मेजवानी दिली. जोतीराव फुले तिथं शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि या सजलेल्या पाहुण्यांवरून देश ओळखू नका, असं त्यांनी पाहुण्याला सुनावलं. त्या मेजवानीतल्या इतर सगळ्यांचे कपडे आज शिवता येतील. शालजोडी, जरीची पगडी, रेशमी काठाचं धोतर कुणाच्या तरी पेटीत, संग्रहालयात डांबराच्या गोळ्यांसोबत टिकून आहे. जोतीरावांनी अंगावर घेतलं तसलं कापड कुणी जपलं नाही. ते विरलं, त्याची गोधडी झाली, गोधडीचं पोतेरं झालं. नगर हवेलीतल्या वारली बाईचं गुडघ्यापर्यंतचं आखूड लुगडंही त्याच वाटेनं गेलं.

त्यामुळे श्रीमंत पात्राच्या कपड्यांना पैसे लागतात आणि गरीब पात्राच्या कपड्यांना शोध लागतो. धोतर-मुंडाशासाठी खादी भांडारातली कमीत कमी काउंटची, चकाकी न दिलेली खादी घेतात. ती उकळून खळ काढतात, चहाच्या पाण्यात बुडवतात, खांद्यावर आणि गुडघ्यावर दगडानं घासतात. शिलाईत जिथं दिसेल तिथं हातटीप. शिवणयंत्र तोवर आलं होतं, पण ते शेतकऱ्याच्या बंडीपर्यंत पोहोचलं असेल असं धरून चालत नाही.

घोंगडीचं त्या मानानं सोपं. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, सणगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पश्चिम महाराष्ट्रात अजून विणली जाते. फक्त घेताना कडेचा एक धागा ओढून काडी लावून बघावी. लोकर केस जळल्यासारखा वास सोडते आणि तिची राख बोटात चुरते. वितळून कडक मणी झाला, तर ती घोंगडी दुकानदाराला परत करावी.